निधनाची बातमी टाकताना, सगळ्या सभासदांसाठी

नमस्कार मंडळी, घरातलं कुणी गेलं की व्हॉट्सॲप-फेसबुकवर बातमी टाकायची पद्धत आता पडलीच आहे आणि त्यात गैर काही नाही, पण आधी मुली, भावंडं, बाहेरगावचे जवळचे यांना फोन करा, वडील गेल्याचं कुणालाही ग्रुपवरून कळू नये. शेजाऱ्यांनी तर घरच्यांना विचारल्याशिवाय काहीच टाकू नका प्लीज. नाव, वय, कुठली स्मशानभूमी, किती वाजता एवढं पुरे. पूर्ण जन्मतारीख, फ्लॅट नंबर, मृत्यूच्या दाखल्याचा फोटो फेसबुकवर अजिबात नको, त्याचा गैरवापर होऊ शकतो आणि त्या वेळी घराला कुलूप असणार हे अनोळखी माणसालाही कळतं. दशक्रियेचं नंतर वेगळं टाका.

दोन ओळी माणसाबद्दल मात्र नक्की लिहा, मूळ गाव कुठलं, नोकरी काय केली, आवड कशाची होती, नुसतं 'दुःखद निधन' वाचून तो माणूस कसा होता ते कळत नाही.

गेलेल्या व्यक्तीचं फेसबुक अकाउंट घरच्यांना मृत्यूचा पुरावा देऊन स्मृती-अकाउंट करून घेता येतं, मग वाढदिवसाचे रिमाइंडर लोकांना जात नाहीत. मृत्यूची नोंद २१ दिवसांत करायची असते, गडबडीत तेवढं राहू देऊ नका. लिहायला सुचत नसेल तर कमिटीतल्या कुणालाही रात्री-अपरात्री सांगा, आम्ही मजकूर करून देऊ, फायनल घरचेच करतील.