एकतीस वर्षं गेलो, तो रस्ता आता दिसला

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

यंदा प्रजासत्ताक दिन सोमवारी आला. शनिवार-रविवार धरून 24, 25 आणि 26 जानेवारी असे तीन दिवस सुटीचे मिळाले. पुण्यात नोकरीला असलेला माझा मुलगा शुक्रवारी रात्री सायकलसकट सोलापूरला घरी आला आणि आम्ही बापलेकांनी तिन्ही दिवस रस्त्यावर काढले. त्या दिवसांबद्दल लिहायचं आहे. शिवाय रविवारी सकाळी मंद्रूपच्या पुढे, आतल्या रस्त्यावर भेटलेल्या एका ट्रकचालकाचे आभार मानायचे आहेत. त्याचं नावगाव मला माहीत नाही. पण तुमचा पेपर ढाब्यांवर आणि ट्रान्स्पोर्टच्या ऑफिसांत वाचला जातो, मीही तो तिथेच वाचत आलो, म्हणून हे पत्र.

माझं वय 62. एकतीस वर्षं मालट्रक चालवला. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतून टॉवेल-चादरींच्या गाठी भरायच्या, पुणे, हैदराबाद, हुबळी गाठायचं, येताना सूत नाहीतर मिळेल तो माल. चार वर्षांपूर्वी गाडी सोडली. रक्तात साखर निघाली होती, डॉक्टर म्हणाले रोज चाला, आणि गुडघा चालू देईना. त्याच सुमारास मुलाने नवी सायकल घेतली आणि त्याची जुनी रोड बाईक मला आणून दिली. वाकड्या हँडलची, बोटभर रुंद टायरची. गुडघ्यावर भार न येता पाय फिरतात, हे मला पहिल्याच आठवड्यात कळलं.

पहिल्यांदा हवा भरताना मात्र मी चमकलो होतो. एवढ्याशा टायरला नव्वद-शंभर हवा! कारला तीस-बत्तीस पुरते. शंभरच्या वरची हवा मी आयुष्यात फक्त ट्रकच्या चाकात भरली होती.

सायकल मला नवी नाही. माझे वडील जुन्या मिलमध्ये होते. भोंगा झाला की पाळी सुटायची आणि रस्ताभर सायकलीच सायकली दिसायच्या. वडिलांची सायकल उंच होती, म्हणून मी दांड्याखालून पाय घालून कैची मारत शिकलो. पुढे स्टिअरिंग हातात आलं आणि सायकल सुटली ती सुटलीच.

शनिवारी पहाटे साडेपाचला निघालो. होम मैदानावर गड्ड्याचे, म्हणजे सिद्धेश्वराच्या जत्रेतले, पाळणे अजून उभे होते, दिवे बंद, थंडीत गोठल्यासारखे. तुळजापूर नाका ओलांडला की शहर मागे पडतं आणि थोड्याच वेळात हिप्परग्याचा तलाव लागतो. एकरुख तलाव त्याचं कागदावरचं नाव, इंग्रजांच्या काळात 1871 मध्ये बांधून झालेला. या तलावाशेजारून मी किती हजार वेळा गेलो असेन ते मोजता येणार नाही. पण केबिनमधून मला तो एक चकाकणारा पट्टा म्हणूनच माहीत होता. त्या सकाळी पाण्यावर वाफ होती, आणि त्या वाफेतून पाखरांचा जो कलकलाट येत होता तो मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकला. इंजिनाच्या आवाजात तो कसा ऐकू येणार! आम्ही दहा मिनिटं नुसते उभे होतो. मुलगा फोटो काढायचं विसरला, यावरून काय ते समजा.

तुळजापूर सोलापुरापासून पंचेचाळीस किलोमीटर. उळे, तामलवाडी करत घाटाच्या पायथ्याशी येईपर्यंत ऊन कोवळंच होतं. लोड गाडी घेऊन हा घाट दुसऱ्या गिअरमध्ये चढवताना माझं लक्ष टेंपरेचरच्या काट्यावर असायचं. या वेळी काटा माझ्याच छातीत होता. पुढचं लहान चक्र, मागचं मोठं, म्हणजे सर्वांत हलका गिअर टाकला आणि वेग सोडून दिला. एकेक वळण मोजत गेलो. कडेला दगडांच्या फटीत वाढलेलं कुसळी गवत, त्याच्या टोकांवर ऊन, खाली पसरलेला काळ्या रानाचा तुकडा. मुलगा पुढे जाऊन थांबायचा, मी पोचलो की पुन्हा निघायचा. वर पोचलो तेव्हा घाम होता, पण धाप नव्हती. आईचं दर्शन शिखरापासूनच घेतलं. सुटीमुळे रांग फार मोठी होती.

दर कोजागरीला हाच रस्ता गाड्यांना बंद करतात, कारण सोलापुरातून आणि पलीकडच्या कर्नाटकातून आलेली लाखो माणसं रात्रभर तुळजापूरला चालत जातात. मी ट्रकवर असताना त्या दिवसांत लांबच्या वळणाने जावं लागायचं आणि डिझेल जातं म्हणून मी कुरकुर करायचो. उतारावरून परत येताना ते आठवलं. हा रस्ता वर्षातून एकदा पायांसाठी मोकळा होतो, ते किती चांगलं आहे हे मला सायकलवर बसल्यावर उमगलं.

रविवारी हत्तरसंग कुडल. हे ठिकाण सोलापूरकरांनी तरी एकदा पाहावंच. आमच्या शहरापासून चाळीसेक किलोमीटरवर सीना भीमेला मिळते, त्या संगमावर. विजापूर रस्त्याने निघालो. वडकबाळच्या पुलावर थांबून खाली पाहिलं. गेल्या सप्टेंबरात सीनेला पूर आला तेव्हा पाण्यामुळे हा महामार्ग बंद करावा लागला होता. आता पाणी खाली गेलंय, पण काठच्या बाभळींच्या फांद्यांत पुराने आणलेल्या चिंध्या आणि पाचट अजून अडकलेलं आहे, माणसाच्या डोक्याच्या कितीतरी वर. सायकल थांबवून मान वर केली तेव्हाच ते दिसलं.

दोन्ही बाजूंनी ज्वारी. मालदांडी भरात आलेली, कणसं जड झालेली, मधूनमधून करडईच्या पिवळ्या ओळी, हरभऱ्याचा आंबूस वास. सकाळी स्वेटर घातलेला, आठला तो कमरेला बांधला. आकाशात ढगाचा ठिपका नाही. सोलापूरचं नाव काढलं की लोकांना मे महिनाच आठवतो. त्यांनी जानेवारीतली आमची सकाळ पाहिलेली नसते.

आता त्या ट्रकबद्दल. महामार्ग सोडून आत वळलो की एकेरी डांबरी रस्ता आहे. समोरून एक गाडी आली तर दुसरीला खाली उतरावं लागतं. आणि साइडपट्टी म्हणजे वीतभर खाली, मुरूम आणि काटे. आम्ही दोघं एकामागे एक चाललो होतो. मागून उसाने भरलेला ट्रक आला. आवाजावरून मला कळलं की गाडी पूर्ण लोड आहे. मी मनाशी म्हटलं, आता हॉर्न वाजेल आणि आपल्याला मुरमात उतरावं लागेल. हॉर्न वाजला नाही. इंजिनाचा आवाज उतरला. चालकाने गिअर खाली घेतला आणि तो आमच्या मागे चालत राहिला. अर्धा किलोमीटर तरी असेल. पुढे मोरीपाशी रस्ता थोडा रुंद झाला, आम्ही कडेला झालो, तेव्हा तो पलीकडची बाजू धरून, चांगलं दीड मीटरचं अंतर ठेवून शांतपणे पुढे गेला. जाताना खिडकीतून हात बाहेर आला आणि हलला.

ज्याने कधी लोड गाडी चालवलेली नाही त्याला या गोष्टीचं वजन कळणार नाही. भरलेली गाडी एकदा थंड पडली की पुन्हा उचलायला तीन-चार गिअर लागतात. डिझेल जातं, क्लचवर भार येतो, कारखान्याच्या गेटवर रांगेतला नंबर मागे पडतो. हे सगळं त्याने दोन अनोळखी सायकलवाल्यांसाठी सोसलं. मी एकतीस वर्षांत असं किती वेळा केलं? खरं सांगायचं तर फार थोडं.

एक गोष्ट मी आजवर घरातही सांगितलेली नाही. पुणे रस्ता दुपदरी होता तेव्हाची. मोहोळच्या अलीकडे एक दूधवाला सायकलला दोन कॅन लावून माझ्यापुढे चालला होता. समोरून बस येत होती. मी थांबायला हवं होतं. थांबलो नाही, हॉर्न दाबून धरला आणि दोघांच्या मधून गाडी काढली. आरशात पाहिलं तर तो माणूस चारीत पडलेला होता आणि मातीवर पांढरं ओघळत होतं. तो उठून उभा राहिला एवढं मला दिसलं. मी गाडी थांबवली नाही. त्याला आता पंचवीस वर्षं होतील. रविवारी तो ट्रक हात करून पुढे गेला, तेव्हा मला सायकलवरून उतरून मोरीच्या कठड्यावर बसावं लागलं. मुलाने विचारलं, गुडघा का? मग त्याला सगळं सांगितलं.

चालक बंधूंनो, केबिनमधून जे कळत नाही ते सांगतो. ट्रक जवळून गेला की त्याचा वारा सायकलला आधी बाहेर ढकलतो आणि गाडीची शेपटी गेली की आत, चाकाकडे ओढतो. ही ओढ मला एकतीस वर्षांत कोणी सांगितली नव्हती. पूर्वी डाव्या बाजूला क्लिनर बसायचा, खिडकीतून हात काढून "सायकल हाय, सायकल हाय" ओरडायचा. आता बऱ्याच गाड्यांवर क्लिनर नसतो आणि डाव्या दाराखालचं आरशात दिसत नाही. म्हणून अंतर जास्तच ठेवायला हवं, किमान दीड मीटर, म्हणजे केबिनचं दार पूर्ण उघडलं तरी सायकलला लागू नये इतकं. आणि प्रेशर हॉर्न सायकलच्या पाठीशी वाजवू नका. माणूस दचकतो, हँडल हलतं आणि तो नेमका तुमच्याच बाजूला येतो.

दुसरं म्हणजे साइडपट्टी. तीन दिवसांत आम्हाला चार पंक्चर झाले. बाभळीच्या काट्याचा फक्त एक. बाकी तिन्ही वेळा टायरमधून केसाएवढी बारीक तार निघाली. ही तार कुठून येते ते मला चांगलं माहीत आहे. ट्रकचं टायर फुटलं की त्याचे तुकडे कडेला पडतात. गाड्यांच्या चाकांखाली ते चुरडत जातात, रबर झडतं आणि आतल्या पोलादी तारा पांढऱ्या पट्टीच्या पलीकडे साचून राहतात, जिथून सायकलवाल्याने जावं अशी अपेक्षा असते. मग तो पट्टीच्या आत येतो आणि लोक म्हणतात, मध्येच चालतो. आठवड्यातून एकदा, सुटीच्या आदल्या दिवशी तरी या पट्ट्या झाडून घ्याव्यात, असं माझं संबंधित खात्याला कळकळीचं सांगणं आहे. टायर बदलणाऱ्या चालकांनीही फाटलेलं टायर कडेला टाकून जाऊ नये. मी स्वतः टाकून गेलेलो आहे. आणि गाळपाचा हंगाम चालू आहे, तेव्हा उसाच्या दोन दोन ट्रॉल्या ओढणाऱ्या ट्रॅक्टरवाल्यांनी मागे रिफ्लेक्टर लावावा. पहाटेच्या अंधारात ती काळी भिंत सायकलच्या दिव्यात अगदी जवळ गेल्यावरच दिसते.

कुडलला पोचलो तेव्हा साडेनऊ झाले होते. संगमेश्वराच्या देवळातल्या तुळईवर शके 940 चा, म्हणजे इसवी सन 1018 चा मराठी शिलालेख आहे. "वाछि तो विजेया होईवा". जो वाचेल तो विजयी होईल. मुलाने अक्षर अक्षर लावून मोठ्याने वाचलं. शेजारच्या हरिहरेश्वर मंदिरात एकाच शिवलिंगावर कोरलेले 359 मुखवटे आहेत. विजापूर रस्त्याने मी आयुष्यभर गेलो आणि एकदाही इकडे वळलो नाही. तेव्हा वळायला वेळ नव्हता हेही खरं.

येताना एका शेतातून हाक आली, "ओ सायकलवाले, हुरडा खाऊन जावा की." ओळख ना पाळख. आगटीत भाजलेली गूळभेंडीची कणसं एक आजी हातावर चोळत होत्या. गरम हुरडा, शेंगांची चटणी, दही, गुळाचा खडा. आजींनी माझं हेल्मेट हातात घेऊन उलटंपालटं केलं आणि म्हणाल्या, "ह्या वयात बरं सुचलं तुम्हाला." पैसे विचारले तर रागावल्या. ट्रक कोणी असा हाक मारून थांबवत नाही. तिथून सोलापूरपर्यंत वारा तोंडावर होता, पण पोटात हुरडा होता.

सोमवारी गल्लीतलं झेंडावंदन झालं की वळसंगपर्यंतच गेलो, वीस किलोमीटर. तिथल्या ज्या विहिरीवर 1937 साली बाबासाहेब आले होते, तिथे दोघांनी नमस्कार केला. दुपारी मुलगा पुण्याला गेला. त्याच्या सायकलचं पुढचं चाक काढून बसच्या डिकीत नीट ठेवून दिलं, गाठी रचायची सवय आहे.

त्या उसाच्या ट्रकचा नंबर मी मुद्दाम लिहीत नाही, पण मडगार्डवर मोराचं चित्र होतं. दादा, हे वाचलंत तर तुमचे मनापासून आभार. मी दर रविवारी सकाळी सात ते दहा विजापूर रस्त्यावर असतो, अंगात नारिंगी जाकीट, मागे लाल दिवा. ओळख पटली तर डिपर द्या, मी हात करीन. आणि मोहोळकडच्या त्या दूधवाल्या भावाला, किंवा त्याच्या घरच्यांना, हे वाचून ती सकाळ आठवली तर तुमच्या कार्यालयात कळवावं. माझा पत्ता तुमच्याकडे आहे. मी येऊन भेटेन, सायकलवरच.

आपला,
एक निवृत्त ट्रकचालक
विजापूर नाका, सोलापूर