धनुष्य घरी करणाऱ्यांनी आधी बांबू ओळखायला शिकावे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

लाकडाच्या आणि बांबूच्या पट्ट्या एकमेकींवर चिकटवून शिकारी बांधणीचे आखूड, दणकट धनुष्य घरीच करणारी काही तरुण मुले माझ्या ओळखीची आहेत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी असल्यामुळे हा नेम गवताच्या पेंढीवरच धरायचा आहे, हे ती जाणतात. माझी काळजी वेगळी आहे.

गेल्या मे महिन्यात मी स्वतः केलेले पहिले धनुष्य तिसऱ्याच ओढीला कडाडले आणि वरच्या भुजेची (मुठीच्या वरच्या अर्ध्या भागाची) सुटलेली पट्टी माझ्या कानाला चाटून गेली. तुकडे उन्हात धरून पाहिले, तेव्हा बांबूच्या बाजूला गोंदाचा थेंबही लागलेला नव्हता, कारण मी त्याची मेणचट साल आतल्या अंगाला ठेवून चिकटवली होती. वास्तविक धनुष्य ओढताना नेमाकडची पाठ ताणली जाते आणि आपल्याकडचे पोट दाबले जाते. ताण पेलणारे बांबूचे दाट धागे सालीलगतच असतात, म्हणून साल पाठीवर बाहेरच राहिली पाहिजे आणि गोंद आतल्या, कानशीने खरवडलेल्या अंगाला लागला पाहिजे. आपल्याकडच्या उन्हाळ्यात इपॉक्सी हा गोंद भरभर घट्ट होतो, त्यामुळे पट्ट्या दाबून धरणारे शिकंजे आवळायलाही सवड मिळत नाही. हे काम पहाटे करावे. तयार धनुष्य पत्र्याच्या खोलीत दोरी चढवून तर कधीच ठेवू नये.

सातपुड्यातले भिल्ल आणि पावरा कारागीर गोंदाशिवाय, अख्ख्या बांबूचे धनुष्य करतात आणि त्याची दोरीसुद्धा बांबूच्याच सालीची असते. पेरे कुठे यावे, कोणता बांबू पिकला आणि कोणता कोवळा, दोन्ही भुजा सारख्या वाकेपर्यंत पोटाकडून किती तासायचे, हे त्यांच्या हाताला कळते. पोटासाठी धामण नावाच्या झाडासारखे लवचिक लाकूड वखारीत मिळाले तर उत्तमच (संस्कृतात या झाडाला धन्वन म्हणतात), पण ते निवडण्याची नजरही त्यांच्याकडेच आहे.

म्हणून धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांतील औद्योगिक प्रशिक्षण संस्थांनी या कारागिरांना रीतसर मानधन देऊन सुतारकामाच्या वर्गात शिकवायला बोलवावे, अशी माझी आपल्या पत्रामार्फत कळकळीची विनंती आहे.

आपला नम्र,
एक वाचक, ता. शहादा, जि. नंदुरबार