आधी सिगारेट, मग व्हेप

चि. मंदार,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर म्हणालास, "आई, सिगारेट बंद केली, आता व्हेप," आणि लगेच पुढे "रागावू नकोस हं" असंही म्हणालास. रागावले नाही रे. सिगारेट सोडून व्हेपवर, म्हणजे ई-सिगारेटवर, आलास हे ऐकून खरं तर मला फार बरं वाटलं. तू घाईत होतास आणि मला सांगायचं होतं ते दोन वाक्यांत मावणारं नव्हतं, म्हणून लिहिते आहे.

माझी सारी नोकरी श्वासाच्या तपासणीच्या खोलीत झाली, हे तुला ठाऊकच आहे. समोरच्या माणसाच्या नाकाला चिमटा लावायचा, तोंडात नळी द्यायची आणि सांगायचं, खोल श्वास घ्या, आता जोरात सोडा, सोडत राहा, अजून, अजून. धडधाकट माणूस पहिल्या सेकंदातच बहुतेक हवा बाहेर टाकून मोकळा होतो. वर्षानुवर्षं सिगारेट ओढलेल्या कित्येकांची हवा मात्र सहा-सहा सेकंद झाले तरी थोडी थोडी येतच राहते. पडद्यावरची रेघ रेंगाळते, माणूस लालबुंद होतो आणि शेवटी नळी काढून विचारतो, "जमलं का?" त्या प्रश्नाला उत्तर देणं मला कधीच सोपं गेलं नाही.

त्यांच्या फुफ्फुसांची ही अवस्था मुख्यतः धुरानं केलेली असते. निकोटीन व्यसन लावतं, पण श्वासनलिका खराब करतं ते जळणं. झुरका घेताना सिगारेटचं टोक 900 अंश सेल्सियसच्या आसपास तापतं आणि त्यातून डांबर, कार्बन मोनॉक्साइड आणि हजारो रसायनं निघतात. त्यांतली सत्तरएक तरी कर्करोगाला कारण ठरणारी. व्हेपमध्ये तंबाखू जळत नाही. प्रॉपिलीन ग्लायकॉल, ग्लिसरीन, निकोटीन आणि स्वादाचं मिश्रण कॉइलवर, म्हणजे तापणाऱ्या तारेच्या वेटोळ्यावर, तापून त्याची वाफ होते. त्यामुळे घातक रसायनं बरीच कमी. सिगारेट ओढणाऱ्यानं पूर्णपणे व्हेपवर येणं फायद्याचंच, असं माझं मत आहे.

तरीही ते निर्धोक नाही. चीनमधल्या होन लिक या औषधतज्ज्ञानं आजच्या ई-सिगारेटचं पहिलं रूप बनवलं ते 2003 मध्ये. सिगारेटचं नुकसान वर यायला वीस-तीस वर्षं लागतात. इतका काळ व्हेप ओढलेली माणसं अजून आमच्या खोलीत आलेलीच नाहीत. म्हणून ज्यानं कधी सिगारेट ओढली नाही, त्यानं व्हेपला हात लावू नये. तुझी गोष्ट वेगळी.

आता माझी खरी काळजी. बोलता बोलता तू म्हणालास, "मित्रांबरोबर असलो की एखादी होते." मंदार, ती एखादी बंद कर. 2018 मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून काढलेला निष्कर्ष असा, की रोज वीस सिगारेटींनी हृदयविकाराचा जितका धोका वाढतो, त्याच्या जवळजवळ निम्मा रोज एका सिगारेटनंही वाढतो. हृदयाचा हिशेब संख्येप्रमाणे सरळ उतरत नाही. दिवसभर व्हेप आणि रात्री एक सिगारेट असं चाललं, तर बदलाचा बराचसा फायदा हातचा गेला.

झोप उडाली, छाती धडधडते म्हणालास आणि दोष व्हेपला दिलास. असेलही, निकोटीन जास्त होत असेल तर. पण आधी कॉफीकडे बघ. सिगारेटच्या धुरामुळे यकृतातलं एक विकर (एन्झाइम) जोरात काम करतं आणि कॅफीन झपाट्यानं निचरून टाकतं. धूर थांबला की काही दिवसांतच ते मंदावतं. मग नेहमीचीच कॉफी, पण रक्तातलं कॅफीन दुपटीच्या घरात. व्हेपमध्ये धूर नसल्यानं तुझंही हेच झालं असणार. कॉफी निम्मी करून बघ. दम्यावरचं थिओफायलिन, मानसिक आजारावरचं क्लोझापिन अशा काही औषधांचंही असंच होतं, म्हणून पुढे कुठल्याही डॉक्टरांकडे गेलास तर सिगारेट सोडल्याचं आवर्जून सांग.

आणखी एक. सिगारेट संपते तरी, ओढायला उठून बाहेर तरी जावं लागतं. व्हेप हातातच असतं, त्याला शेवट नाही. त्यात निकोटीन सॉल्ट, म्हणजे निकोटीनचं घशाला सौम्य लागणारं रूप, असेल तर घशाला खवखवत नाही आणि किती ओढलं ते कळतच नाही. सकाळी डोळे उघडल्यावर पहिला कश किती मिनिटांत घेतोस, याकडे लक्ष ठेव. तलफ किती पक्की आहे ते त्यावरून समजतं.

मग हे सोडायचं कधी? इंग्लंडमध्ये 886 जणांवर झालेल्या एका चाचणीचे निकाल 2019 मध्ये आले. वर्षभरानंतर सिगारेटपासून दूर राहिलेले व्हेपच्या गटात 18 टक्के होते, तर निकोटीनचे पॅच, गोळ्या, च्युइंगगम वापरणाऱ्यांत 9.9 टक्के. पण व्हेपनं सुटलेल्यांपैकी 80 टक्के तेव्हाही व्हेप ओढत होते. म्हणून तारीख ठरवून एकदम सोडायला जाऊ नकोस. काही महिने सिगारेटची आठवण येईनाशी होऊ दे, मग निकोटीनचं प्रमाण एकेक पायरी उतरव. मधेच सिगारेटची ओढ लागली तर खुशाल एक पायरी वर जा. तू सिगारेटकडे परतण्यापेक्षा व्हेप लांबलेलं मला चालेल.

मित्रानं दिलेलं, कुठून आलं ते माहीत नसलेलं काही मात्र ओढू नकोस. 2019 मध्ये अमेरिकेत व्हेप ओढणाऱ्यांची फुफ्फुसं अचानक निकामी होऊ लागली, 68 माणसं गेली. त्यांतल्या बहुतेकांनी गांजाचा अर्क असलेली व्हेपची काडतुसं (द्रव भरलेल्या नळ्या) वापरली होती आणि त्यात व्हिटॅमिन ई ॲसिटेट मिसळलेलं सापडलं. जळकी चव घशाशी आली तर ओढत राहू नकोस, कॉइल बदल. प्रवासाला निघताना नियम बघ, भारतासह कित्येक देशांत याच्या विक्रीवर आणि आयातीवर बंदी आहे. आणि छोटी आता रांगायला लागली आहे. व्हेपच्या द्रवाची बाटली उंचावर, कुलपात ठेव. निकोटीनचं ते द्रव थोडं जरी तिच्या पोटात गेलं तरी जिवावर बेतू शकतं. हे आजच कर.

तुझ्या बाटलीवर निकोटीन किती मिलिग्रॅम लिहिलंय आणि सकाळचा पहिला कश कधी होतो, तेवढं मला कळव. खाली कसं उतरायचं ते आपण मिळून ठरवू.

तुझी,
आई