डेस्कटॉपसाठी कावी चित्रे उपलब्ध करा

मा. संपादक,

चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी, जवळ आली की कचेऱ्यांतल्या संगणकांवर माटोळीचे, म्हणजे गणपतीवर टांगायच्या फळाफुलांच्या चौकटीचे, फोटो झळकू लागतात. माटोळी देवावर टांगलेलीच शोभते. डेस्कटॉपवर तिच्या रंगांच्या दाटीत एक आयकॉन धड सापडत नाही. गोव्याचेच काही लावायचे असेल तर देवळांच्या भिंतींवरची कावी चित्रे घ्यावीत. तांबडा थर खरवडून खालचा पांढरा चुना उघडा केलेला, म्हणजे रंग दोनच. दिवसभर समोर असले तरी डोळे शिणत नाहीत.

फोटो मात्र नीट हवा. देवस्थान समितीला विचारून, भिंतीसमोर सरळ उभे राहून, थोडे मागे सरकून झूम करावे. फारच जवळून काढल्यास कडेच्या आकृत्या ताणल्यासारख्या येतात. फ्लॅश नको, चुन्यावर चकाकी येते. व्हॉट्सअ‍ॅपवरून पाठवायचा तर डॉक्युमेंट म्हणून, नाहीतर बारीक रेषा पुसट होतात.

खरी गडबड मापाची. फोनचा फोटो बहुधा 4:3, पडदा 16:9. वॉलपेपर लावताना 'फिल' निवडले तर 4000 × 3000 च्या फोटोतले वरखाली मिळून 750 पिक्सेल कापले जातात. 'स्ट्रेच' केले तर नक्षीतली वर्तुळे लंबगोल होतात. म्हणून पेंटमध्ये 1920 × 1080 ची कोरी चौकट घ्यावी, कलर पिकरने भिंतीचाच तांबडा उचलून ती भरावी आणि नक्षी उजवीकडे बसवावी. विंडोज आयकॉन डावीकडून मांडते आणि त्यांची नावे पांढरी असतात. चुन्याच्या रेषांवर ती वाचताच येत नाहीत.

टास्कबारही तांबडा हवा असल्यास पर्सनलायझेशनमध्ये कलर्स उघडावे. विंडोज 11 मध्ये 'लाइट' मोड असेल तर टास्कबारला रंग देण्याचे बटण चालतच नाही. 'कस्टम' निवडून विंडोजचा मोड डार्क आणि अ‍ॅपचा लाइट ठेवावा. रंग गडद विटकरी घ्यावा. भडक लाल सतत धोक्याची सूचना असल्यासारखा खुपतो.

एवढा खटाटोप प्रत्येकाने का करावा? कला आणि संस्कृती संचालनालयाने कावी चित्रांचे चांगले फोटो काढून 1366 × 768, 1920 × 1080 आणि 3840 × 2160 या मापांत, डावी बाजू मोकळी ठेवून, संकेतस्थळावर मोफत द्यावेत. प्रत्येक फाइलच्या नावात देवळाचे आणि गावाचे नाव असावे.

— एक वाचक, फोंडा