आई आणि आजी एकच निघाल्या तेव्हा

ती. आई आणि बाबा,

सा. न. वि. वि.

रविवारी फोनवर बाबांनी विचारलं, "सिमँटिक वेब म्हणजे नेमकं काय गं? दोन वाक्यांत सांग." दोन वाक्यांत ते मावत नाही आणि अर्धवट सांगितलेलं बाबांना चालत नाही, म्हणून आज निवांत लिहायला बसले आहे. आजीलाही वाचून दाखवा. पुढे विषय तिचाच आहे.

इंटरनेटवर आपण जे वाचतो, ते माणसांनी माणसांसाठी लिहिलेलं असतं. 'मेरी क्युरी यांचा जन्म वॉर्सात झाला' हे वाचलं की क्युरी ही व्यक्ती आणि वॉर्सा हे शहर, हे आपल्याला सांगावं लागत नाही. यंत्राला मात्र ती अक्षरांची रांग असते. वेब ज्यांनी घडवलं त्या टिम बर्नर्स-ली यांनी जेम्स हेंडलर आणि ओरा लसिला यांच्यासोबत २००१ साली 'सायंटिफिक अमेरिकन'मध्ये एक लेख लिहिला. पानाला पान जोडलं तशी माहितीला माहिती जोडू या, आणि जोडताना त्यांचं नातं कोणतं हेही यंत्राला कळेल असं लिहू या, असा त्याचा गाभा.

त्यासाठी आरडीएफ नावाची पद्धत आहे. प्रत्येक विधान तीन तुकड्यांचं, त्याला ट्रिपल म्हणतात. मेरी क्युरी, जन्मस्थान, वॉर्सा. मेरी क्युरी, मुलगी, इरेन. इरेन, पुरस्कार, नोबेल. एका विधानाचा शेवट तीच दुसऱ्याची सुरुवात, आणि असं जोडत गेलं की जाळं तयार होतं. हाच नॉलेज ग्राफ. २०१२ साली गूगलने आपल्या जाळ्याला हे नाव दिलं आणि शब्द सगळ्यांच्या तोंडी बसला. त्याच वर्षी विकिडेटा हे असंच माहितीचं जाळं सुरू झालं, ते कोणीही वाचावं, कोणीही भर घालावी असं. तिथे स्पार्कल या भाषेत विचारता येतं, 'ज्यांना नोबेल मिळालं आणि ज्यांच्या मुलालाही किंवा मुलीलाही मिळालं, अशी माणसं दाखव.' ही यादी कोणी आधी लिहून ठेवलेली नसली, तरी धागे धरत धरत यंत्र ती काढून देतं. पहिल्यांदा ते उत्तर समोर उमटलं तेव्हा मी बराच वेळ त्याकडे बघत राहिले होते.

बाबा, तुम्ही इतिहासाचे, तेव्हा तुमच्या मनात आलंच असेल की १८६७ साली, म्हणजे क्युरींच्या जन्माच्या वेळी, वॉर्सा रशियन साम्राज्यात होतं. मग 'वॉर्सा, देश, पोलंड' हे विधान खरं की खोटं? तीन तुकड्यांत काळ बसत नाही. म्हणून विकिडेटावर विधानाला 'कधीपासून, कधीपर्यंत' अशी जोड देतात. अशा एकेका प्रश्नावर वर्गात आमचे अख्खे तास जातात आणि मला ते फार आवडतात.

आता आजीची गोष्ट. गेल्या महिन्यात आम्हाला आपापल्या कुटुंबाचा ग्राफ करायला सांगितला होता. प्रोटेजे नावाचं सॉफ्टवेअर वापरतो. त्यात नुसती माणसं भरायची नसतात, नात्यांचे नियमही आउल या भाषेत लिहायचे असतात. मी लिहिलं, कोणाच्या आईचा जो भाऊ, तो त्याचा मामा. वडिलांची बहीण ती आत्या. वर्गातल्या बऱ्याच जणांना 'अंकल' आणि 'आंट' या दोन शब्दांत काम भागवता आलं. मला काका, मामा, आत्या, मावशी असे वेगवेगळे नियम लिहावे लागले, पण त्यामुळे माझा ग्राफ जास्त काही सांगू शकत होता. आपल्या शब्दांत किती माहिती भरलेली आहे, हे मला त्या दिवशी कळलं.

आणखी एक नियम मी घातला होता, एका माणसाला आई एकच. मग रात्री उशिरा नावं भरताना एक ओळ चुकली. आजीच्या नावाशी 'माझी आई' हे नातं जोडलं गेलं. सकाळी रीझनर चालवला, म्हणजे नियमांवरून निष्कर्ष काढणारा भाग. मला वाटलं होतं, चूक असेल तर तो अडेल. तो अडला नाही. पिवळ्या पट्टीत त्याने शांतपणे लिहिलं की आई आणि आजी ही एकच व्यक्ती आहे. मग त्याच्या मागोमाग, आई ही स्वतःचीच आई. मामाची आईही आपली आईच. आजीचे भाऊ माझे मामा.

मी दचकले, पण त्याचं तर्कशास्त्र चोख होतं. मेरी क्युरी आणि मारिया स्क्वोदोव्स्का ही दोन नावं, पण बाई एक. म्हणून या भाषेत, दोन नावं म्हणजे दोन माणसं, असं धरून चालत नाहीत. आई एकच असते असं मी सांगितलं होतं आणि माझ्या दोन आया लिहिल्या होत्या. त्याने जुळणारा एकमेव अर्थ लावला. आई आणि आजी वेगळ्या आहेत, हे मी त्याला सांगितलंच नव्हतं. मला ते इतकं उघड वाटत होतं की सांगायचं सुचलंच नाही.

मग मी लिहिलं, ग्राफमधल्या सगळ्या व्यक्ती वेगवेगळ्या आहेत. कोणीही स्वतःची आई नसतं. आता मात्र रीझनर थांबला आणि विसंगती आहे म्हणाला. कारण विचारलं तर त्याने नेमक्या ओळी पुढे ठेवल्या, त्यात माझी चुकलेली ओळ होती. या विषयात माझा जीव अडकला तो इथे. हल्ली यंत्राला काहीही विचारा, ते अस्खलित उत्तर देतं, पण कशाच्या आधारे ते दाखवेलच असं नाही. इथे प्रत्येक निष्कर्षाखालची ओळ बोट ठेवून दाखवता येते.

दुसरी गोष्ट मला उमजायला जास्त वेळ लागला. ग्राफमध्ये आईचा एकच भाऊ लिहिलेला होता. मी विचारलं, आईला एकच भाऊ आहे का? रीझनर 'हो' म्हणेना. नेहमीच्या डेटाबेसमध्ये जे लिहिलेलं नाही ते नाहीच, असं समजतात. इथे जे लिहिलेलं नाही ते माहीत नाही, एवढंच. आणखी भाऊ असेलही. जिथे माहिती पुरी हवीच, तिथे तपासायला २०१७ पासून शॅकल नावाचं वेगळं मानक आहे. पण मला हे न लिहिलेल्याला खोटं न ठरवणं मनापासून पटतं.

विकिडेटावर मी आता आठवड्यातून एकदा मराठी नावं भरते. तिथे वस्तूची ओळख आकड्याने असते, मेरी क्युरी म्हणजे क्यू७१८६, आणि त्या एका आकड्याला जगभरच्या भाषांतली नावं जोडलेली असतात. मराठीची जागा रिकामी दिसली की मला चैन पडत नाही. भाऊ आणि बहीण असे दोन वेगळे गुणधर्म तिथे पूर्वी होते, पुढे ते मिळून 'भावंड' एवढंच ठेवलं. त्यामागचं कारण मला कळतं, भाऊ की बहीण ते व्यक्तीच्या लिंगावरून काढता येतं. तरी थोरला-धाकटा हा भेद तिथे बसवायला मला आवडेल. सत्राच्या शेवटच्या प्रकल्पासाठी मी तोच विषय घेतला आहे, मराठी नातेवाचक शब्दांची ऑन्टॉलॉजी, म्हणजे शब्द आणि त्यांचे नियम यांचा यंत्राला वाचता येईल असा आराखडा. नणंद, जाऊ, साडू, विहीण, सगळे शब्द यंत्राला समजतील अशा नियमांत बांधायचे.

त्यासाठी तुमची मदत हवी आहे. आजीजवळ बसून तिच्या भावंडांची नावं थोरल्यापासून धाकट्यापर्यंत लिहून घ्या, आणि कोण कोणाला काय म्हणून हाक मारायचं तेही. एकाच माणसाची दोन नावं असतील तर दोन्ही लिहा आणि माणूस एकच आहे असं बाजूला लिहा. कोणाला मूल नव्हतं हे आजीला पक्कं ठाऊक असेल, तर 'मूल नव्हतं' असं स्पष्ट लिहा. जागा नुसती कोरी ठेवलीत तर मी ती 'माहीत नाही' अशीच धरीन.

दादाला आठवण सांगा. आजीला माझा नमस्कार.

तुमची,
धाकटी