कोपऱ्यात सिलिकॉन भरले की सांधा झाला?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

घरच्या घरी कॅम्पिंग ट्रेलर बांधण्यावरचा लेख रविवारच्या पुरवणीत वाचला. चॅसी, टायर, गाद्या यांवर भरपूर मजकूर आहे. फ्लोअर आणि भिंत जिथे मिळतात त्या सांध्याबद्दल मात्र 'आतून सिलिकॉन मारावे' एवढे एकच वाक्य. आपल्याकडच्या पावसात प्लायचा ट्रेलर कुजू लागतो तो बहुधा तिथूनच, म्हणून हा पत्रप्रपंच.

चाकांनी उडवलेले पाणी खालून प्लायच्या कापलेल्या कडेला लागते आणि कड ते शोषून घेते. आतले सिलिकॉन ही ओल अडवत नाही, उलट वाळू देत नाही. वरचा रंग फुगलेला दिसेपर्यंत खालची कड नखाने उकरता येईल इतकी भुसभुशीत झालेली असते. शिवाय सिलिकॉनवर रंग बसत नाही, इपॉक्सी (रेझिन आणि हार्डनर हे दोन भाग कालवून कडक होणारा चिकट पदार्थ) धरत नाही. दुरुस्तीआधी ते खरवडत बसावे लागते. 'आयएस ७१०' या भारतीय मानकाचा, पाण्यासाठीचा मरीन प्लाय घेतला तरी सुटका नाही. त्याचा गोंद उकळत्या पाण्यातही टिकतो हे खरे, पण उघडी कड पाणी पितेच.

भिंत फ्लोअरवर उभी करू नये. ती फ्लोअरच्या कडेला बाहेरून लावून खाली १० ते १२ मिमी लोंबती ठेवावी, म्हणजे थेंब तिथूनच गळून पडतो. जोडण्याआधी सर्व कडांना पातळ इपॉक्सीचे तीन हात द्यावेत. हीट गनने कड कोमट करून ती निवत असताना पहिला हात दिला, तर इपॉक्सी आत ओढले जाते. लावल्यावर तापवले तर बुडबुडे येतात.

रस्त्यावर ट्रेलरची पेटी पिळवटते आणि तो ताण याच कोपऱ्यावर येतो. बाहेरून मारलेले स्क्रू फ्लोअरच्या कडेत शिरतात, आणि प्लायच्या कडेत स्क्रूची पकड सर्वांत कमी. म्हणून स्क्रू फक्त इपॉक्सी सुकेपर्यंत धरून ठेवायला; खरा जोर आतल्या फिलेटचा, म्हणजे कोपऱ्यात भरलेल्या गोलाईदार पट्टीचा. इपॉक्सीत सिलिका पावडर आणि लाकडाचा बारीक भुसा मिसळून चक्क्याइतके घट्ट करावे, कोपऱ्यात भरावे आणि २५ मिमी पाइपच्या तुकड्याने गोलाई द्यावी. ते पुरते कडक होण्याआधीच ७५ मिमी रुंद ग्लासफायबर टेप अर्धी फ्लोअरवर, अर्धी भिंतीवर बसवून पातळ इपॉक्सीने भिजवावी. भिजली की पांढरी टेप पारदर्शक होते. पांढरा डाग राहिला तर तिथे हवा अडकली आहे असे समजावे. आठ बाय चार फुटांच्या फ्लोअरचा घेर ७.३ मीटर. त्याच्या फिलेटला साधारण पाव लिटर मिश्रण लागते. टेप आणि कडा धरून इपॉक्सीचा एक किलोचा संच पुरावा.

उन्हाळ्यात इपॉक्सी एका वेळी १००-१५० ग्रॅमच कालवावे आणि पसरट ट्रेमध्ये ओतावे. डब्यात ठेवले तर तापून धूर येतो. लवकर सुकावे म्हणून हार्डनर वाढवण्याची आपल्याकडे खोडच आहे. त्याने सांधा चिकट आणि कच्चा राहतो. स्वस्त पॉलिएस्टर रेझिन लाकडाला नीट धरत नाही, पुढे सोलून निघते. दमट हवेत इपॉक्सीवर मेणचट थर येतो. पुढचा हात देण्याआधी तो पाण्याने धुऊन ८० नंबरच्या कागदाने घासावा.

काही जण खबरदारी म्हणून सांध्यात आधी पीयू (पॉलियुरेथेन) सीलंट, म्हणजे सुकूनही लवचीक राहणारी लुकण, आणि वरून फिलेट देतात. तसे करू नये. सुकलेल्या पीयूवर इपॉक्सी धरत नाही आणि खालचा थर हलत राहिल्याने फिलेट तडकते. पीयू वापरायचे ते प्लाय लोखंडी फ्रेमला जोडताना. तिथे ६ मिमीच्या दोन रेषा माराव्यात. ३१० मिलीची एक नळी जेमतेम ११ मीटर जाते, म्हणून दोन आणाव्यात. स्क्रू करकचून आवळले तर सगळे सीलंट बाहेर येते. मधे २ मिमीचे स्पेसर (अंतर राखणारे तुकडे) ठेवावेत.

बाहेरून ॲल्युमिनियम अँगल लावणार असाल तर त्याखाली ब्युटाइल टेप (चिकट रबरी पट्टी) हवीच. फक्त अँगलची वरची कड सील करावी. खालची मोकळी सोडावी, म्हणजे चुकून आत गेलेले पाणी तिथून निथळून जाते.

आपला,
एक ट्रेलर-बांधणी कारागीर, कोल्हापूर