नखाखालचा दाणा

आदरणीय डॉक्टर मॅडम,

सप्रेम नमस्कार. मी निफाडची, उजव्या अनामिकेची पेशंट. नावापेक्षा बोटावरून लवकर ओळखाल, म्हणून आधी बोट सांगितलं.

चार हिवाळे मी ते बोट मुठीत झाकून काढले. आमच्याकडे थंडी किती पडली ते कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्राच्या आकड्यावरून पेपरात येतं. मला आदल्या रात्रीच कळायचं. द्राक्षाच्या डिपिंगला, म्हणजे घड औषधाच्या पाण्यात बुडवताना, मगात हात गेला, भांडी घासताना गार पाणी लागलं, नख कशाला नुसतं टेकलं, की कळ थेट कोपरापर्यंत. बाहेरून दिसायचं काहीच नाही. नखाखाली जराशी निळसर झाक, तीही उजेडात धरली तर. सासूबाईंनी नखुर्डं म्हणून बोटात लिंबू घालून बसवलं. एका दवाखान्यात मानेची नस निघाली, दुसऱ्यात वात. तिसरीकडे विचारलं, "घरात काही टेन्शन?" तेव्हा आमच्या ह्यांनीही माझ्याकडे जरा वेगळ्याच नजरेने पाहिलं. ते मी अजून विसरलेले नाही, त्यांनाही माहीत आहे.

नाशिकला द्वारका चौकाच्या ट्रॅफिकमध्ये तासभर अडकून आम्ही तुमच्याकडे पोचलो, तर तुम्ही जाडजूड फाईल बाजूला सारून टाचणी उचलली. तिच्या गोल डोक्याने नखावर तसू-तसू दाबत गेलात. इथे? नाही. इथे? नाही. आणि एका जागी मी खुर्चीतून उठलेच. मग दंडाला बीपीचा पट्टा बांधून फुगवला, पुन्हा तिथेच दाबलं. काही नाही! पट्टा सोडला, कळ हजर. "मनातलं दुखणं असतं तर त्याला पट्टा कळला असता का?" हे तुम्ही ह्यांच्याकडे बघून म्हणालात. माझं निम्मं दुखणं तिथेच गेलं.

'ग्लोमस ट्यूमर' ऐकून मात्र हातपाय गळाले होते. तुम्ही कागदावर नख काढून सांगितलंत: ऊब-गारव्याप्रमाणे रक्त कमी-जास्त सोडणारे वाहिन्यांचे बारीक गोळे बोटांच्या टोकांत असतात, त्यातलाच एक वाढलाय, म्हणून थंडीत चवताळतो. ही गाठ कॅन्सरची क्वचितच असते, पण गोळ्यांनी जात नाही, काढावीच लागते. एमआरआयमध्ये निघाली ४ मिलिमीटर. ज्वारीच्या दाण्याएवढ्या गाठीने चार वर्षं नाचवलं!

बोट बधिर करून तुम्ही नख उचललंत, दाणा काढलात आणि नख झाकणासारखं परत बसवलंत. तपासणीचा रिपोर्ट साधा आला. नवं नख पूर्ण यायला पाच महिने लागले, मधोमध एक रेघ राहिलीय.

जाऊबाईंच्या मनगटावरच्या गाठीचं, त्या गँगलियनचंही सांगायचं राहूनच गेलं. त्यावर जाड पुस्तक आपटायला गल्ली तयार होती. तुम्ही बॅटरी लावून गाठ आरपार उजळून दाखवलीत, आत घट्ट जेलीसारखं पाणी आहे म्हणालात. सुईने काढलं तरी बऱ्याचदा पुन्हा भरतं, कित्येकदा आपोआप जिरतं. दुखत नाही तोवर हात लावू नका. ती अजून आहे, कमी-जास्त होते, जाऊबाई निवांत आहेत.

या डिसेंबरला डिपिंगला मी सगळ्यांच्या आधी बागेत होते. माल फेब्रुवारीअखेर उतरेल. एक पेटी तुमच्यासाठी, घड मी स्वतः खुडणार. "पेशंटकडून काही घेत नाही" हे चालणार नाही, मी आता पेशंट कुठे राहिले?

आपली,
अनामिका (उजवी)